पाईपवर छापलेला देश

पाईपचं वय काढायचं असेल तर ओढणाऱ्यांपेक्षा कस्टमवाल्यांना विचारलेलं बरं. ओढणारा तंबाखूची चव सांगेल, लाकडाचं कौतुक करेल आणि वर 'शंभर वर्षं जुना आहे हां' असं ठोकून देईल. कस्टमवाल्याला चवीशी देणंघेणं नसतं. त्याला एकच गोष्ट हवी असते: माल कुठल्या देशातून आला? जुन्या पाईपांच्या बाबतीत या रुक्ष प्रश्नानेच आपल्यावर सगळ्यात मोठे उपकार केले आहेत.

अमेरिकेच्या संसदेने १८९० मध्ये आयात मालावर भरभक्कम कर बसवणारा कायदा केला. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या विल्यम मॅकिन्ली यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्यात एक कलम असं होतं की १ मार्च १८९१ पासून अमेरिकेत येणाऱ्या परदेशी वस्तूवर ती कुठल्या देशात बनली ते इंग्रजीत, स्पष्ट वाचता येईल असं लिहिलेलं असलं पाहिजे. ब्रिटनने १८८७ मध्येच असा एक कायदा केला होता, स्वस्त जर्मन माल इंग्रजी म्हणून खपू नये यासाठी. 'मेड इन जर्मनी' हा शिक्का तिथून जगभर झाला. आज मोबाईलच्या खोक्यावर 'मेड इन'ची जी बारीक ओळ आपण वाचतसुद्धा नाही, तिचे पूर्वज हे.

म्हणून जुन्या वस्तूंच्या बाजारात एक ढोबळ नियम चालतो. वस्तूवर देशाचं नाव नसेल तर ती १८९१ च्या आधीची असू शकते. असेल तर बहुधा नंतरची. यातले 'असू शकते' आणि 'बहुधा' हे शब्द विक्रेते गिळून टाकतात, कारण जो पाईप अमेरिकेला जाणारच नव्हता त्यावर नाव छापायची कोणाला गरज होती?

पाईपचं वय ठरवणं हे काम मुळात पुरातत्त्ववाल्यांनी गांभीर्याने घेतलं, आणि तेही लाकडी पाईपांसाठी नव्हे. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंड-हॉलंडात आणि त्यांच्या वसाहतींत पांढऱ्या मातीचे पाईप ओढले जायचे. स्वस्त आणि ठिसूळ. मोडला की फेकला, दुसरा घेतला. त्यामुळे जुन्या वस्तीत कुठेही खणा, पाईपच्या नळीचे बोटाएवढे तुकडे ढिगाने निघतात. आपल्याकडे खापरं निघतात तसे.

सुरुवातीच्या इंग्रजी पाईपांची वाटी इतकी चिमुकली असते की नंतरच्या लोकांना ते पऱ्यांचे पाईप वाटले, आणि 'फेअरी पाईप' हेच नाव त्यांना पडलं. कारण साधं होतं: तंबाखू महाग होता. अमेरिकेतल्या मळ्यांमधून तो भरपूर यायला लागला, भाव उतरला, तशी वाटी मोठी होत गेली. म्हणजे वाटीचा आकार पाहून शतक सांगता येतं. पण वाट्या अख्ख्या सापडत नाहीत, सापडतात ते नळीचे तुकडे. त्यांचं काय करायचं?

याचं उत्तर जे. सी. हॅरिंग्टन या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाने १९५४ मध्ये दिलं. व्हर्जिनियात जेम्सटाऊन इथे त्याने बरंच उत्खनन केलं होतं. त्याच्या लक्षात आलं की नळ्या जसजशा लांब होत गेल्या तसतसं आतलं भोक बारीक होत गेलं. भोक मोजायला त्याने ड्रिलची पाती वापरली, लाकूडकामाच्या दुकानात मिळतात तीच. पातं भोकात जातं की नाही एवढंच पाहायचं. १६२० ते १६५० या काळात बहुतेक भोकं इंचाच्या चौसष्टाव्या भागाच्या आठ पट, नंतरच्या तीस वर्षांत सात पट, मग सहा, पाच, आणि १७५० नंतर चार. इतकं सोपं की वाचून आपल्याला का सुचलं नाही असं वाटावं.

पुढे १९६२ मध्ये लुईस बिनफर्डने यावरून एक सूत्रच बसवलं. सापडलेल्या सगळ्या तुकड्यांच्या भोकांची सरासरी काढायची, तिला ३८.२६ ने गुणायचं आणि उत्तर १९३१.८५ मधून वजा करायचं. सरासरी पाच आली तर साल निघतं १७४० च्या आसपास. या सूत्राची एक गंमत आहे. भोकाचा व्यास शून्य धरला तर उत्तर येतं १९३१ सालचा शेवट, म्हणजे गणिताच्या हिशेबाने त्या दिवशी जगातल्या पाईपांची भोकं बुजायला हवी होती! अर्थात सूत्र तेवढ्या पुढच्या काळासाठी नव्हतंच, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धानंतरच ते डगमगायला लागतं. महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते शेकडो तुकड्यांच्या सरासरीला लागू पडतं. एक तुकडा हातात घेऊन 'हा १७४० चा' असं म्हणता येत नाही. गर्दीचं वय कळतं, माणसाचं नाही.

एकट्या माणसापर्यंत पोचायला मग दुसरीच वाट सापडली. मेरीलँडमध्ये बेल्व्हॉर नावाचा एक जुना मळा आहे. तिथे गुलाम ठेवलेल्या माणसांच्या घराच्या जागेवर मातीच्या पाईपच्या नळ्या मिळाल्या, सुमारे दोनशे वर्षांपूर्वीच्या. माती सच्छिद्र असते, ओढणाऱ्याची लाळ तिच्यात मुरते. संशोधकांनी एका नळीतून डीएनए मिळवला आणि २०१९ मध्ये निष्कर्ष छापून आले: हा पाईप ओढणारी एक बाई होती आणि तिचे वांशिक धागे आजच्या सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांशी जुळत होते. जिचं घरदार, भाषा आणि बहुधा नावही हिसकावून घेतलं गेलं, तिच्या मुळाचा पत्ता एका फेकलेल्या नळीने सांगितला. आणि ती ओढत होती तो तंबाखू? त्याच भागात गुलामांच्या कष्टावर वाढलेलं पीक. वाटी मोठी झाली, तंबाखू स्वस्त झाला, असं मी वर सहज लिहून गेले. तो स्वस्त कोणाच्या जिवावर झाला ते इथे दिसतं.

एवढं सगळं मी वाचत बसले त्याला कारण आमच्या घरातला एक पाईप. तो मातीचा नाही, ब्रायरचा आहे. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठी वाढणाऱ्या एका झुडपाच्या मुळाशी येणारी टणक गाठ. ती सहजासहजी जळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सच्या ज्युरा डोंगरातल्या सँ-क्लोद गावच्या कारागिरांनी तिचे पाईप करायला सुरुवात केली आणि मातीचे पाईप हळूहळू मागे पडले.

आमचा पाईप डोंबिवलीला आत्याच्या शोकेसमध्ये आहे. वाकड्या मानेचा, काळपट तांबूस, गळ्याशी पांढऱ्या धातूचं कडं. शेजारी आत्याच्या अक्षरातली चिठ्ठी: 'आजोबांचा पाईप, १९४२'. आजोबा म्हणजे तिचे, माझे पणजोबा. ते रत्नागिरीकडचे आणि बोटीवर होते. कोकणात 'बोटीवर' म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही. पणजोबा आगवाले, म्हणजे बोटीच्या पोटात भट्टीत कोळसा मारणारे. १९४२ मध्ये त्यांची बोट बुडाली आणि ते परत आले नाहीत. मुंबईत मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये अशा माणसांचं स्मारक आहे, तिथल्या यादीत त्यांचं नाव आहे. घरात फोटो नाही, पत्र नाही. आहे तो हा पाईप. शेवटच्या खेपेला निघताना त्यांनी तो घरी ठेवला अशी आमच्याकडची गोष्ट.

मला या गोष्टीत आधीपासून एक खडा लागायचा. आगवाला विडी ओढेल. पाईप? पण लिव्हरपूलच्या गोदीत काय विकत मिळत होतं आणि कोण काय हौसेने घेत होतं हे मी घरबसल्या कसं ठरवणार? पाईपलाच विचारायचं ठरवलं.

काही पाईप विचारल्याबरोबर बोलतात. लंडनच्या डनहिलने आपल्या पाईपांवर देशाच्या नावापुढे वर्षाचा बारीक आकडा मारायची पद्धत पाडली, त्यामुळे त्यांचे बरेचसे पाईप तक्त्यात पाहून सांगता येतात. आमचा पाईप निघाला पीटरसनचा, डब्लिनचा. तो काही इतक्या सरळ बोलणाऱ्यांतला नव्हे.

चार्ल्स पीटरसन हा मूळचा लॅटव्हियातल्या रिगाचा कारागीर. डब्लिनच्या ग्राफ्टन स्ट्रीटवर काप नावाच्या जर्मन भावांचं पाईपचं दुकान होतं, तिथे तो आला आणि भागीदार झाला. १८९० मध्ये त्याने 'सिस्टिम' पाईपचं पेटंट घेतलं. पाईप ओढताना ओलावा साचून गुडगुड होते आणि तोंडात कडू पाणी येतं. त्यासाठी त्याने मानेच्या आत एक छोटी विहीर केली, पाणी तिथे साचावं म्हणून. १८९८ मध्ये तोंडात धरायच्या टोकाचं वेगळं पेटंट घेतलं. त्यात भोक वरच्या अंगाला असतं, धूर जिभेवर न येता टाळूकडे जातो. आमच्या पाईपला हे दोन्ही आहे. म्हणजे १८९८ नंतरचा, एवढं पाच मिनिटांत कळलं. पण हा नमुना आजही बनतो!

मग कडं. चांदीचं असतं तर काम झालं असतं. डब्लिनला चांदी तपासून छाप मारायची रीत सतराव्या शतकापासूनची आहे: बसलेली हिबर्निया, मुकुट घातलेली हार्प आणि वर्षाचं एक अक्षर. (देश स्वतंत्र झाला तरी हार्पवरचा मुकुट उतरला नाही, याची मला मौज वाटते.) आमच्या कड्यावरही तीन छोट्या चौकटी आहेत. बघणारा प्रत्येक जण म्हणतो, 'अरे, हॉलमार्क आहे की!' भिंगाखाली पाहिलं तर त्यात एक शिकारी कुत्रा, एक शॅमरॉकचं तिपानी पान आणि एक गोल बुरूज. हे हॉलमार्क नव्हेत. पीटरसन आपल्या निकेलच्या कड्यांवर हॉलमार्कसारखी दिसणारी ही सजावट मारतो. सरकारी छापाची ऐट सगळी, माहिती शून्य.

तोंडाकडची काळी नळी व्हल्कनाईटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची. ऊन लागलं की ती पिवळट-हिरवी पडते आणि लोक तो रंग पाहून वय सांगतात. शोकेस पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे. त्या उन्हात कालची नळीसुद्धा म्हातारी दिसेल. आकाराचा नंबरही दशकानुदशकं तोच चालतो, त्याचाही उपयोग नाही.

उरला लाकडावरचा देशाचा छाप. आणि इथे पीटरसनसारखा साक्षीदार नाही, कारण त्याच्या देशाचं नावच सारखं बदलत होतं. १९२२ पर्यंत आयर्लंड ब्रिटिश साम्राज्यात होता. ६ डिसेंबर १९२२ ला 'आयरिश फ्री स्टेट' जन्माला आलं आणि पाईपांवर तेच नाव आलं. २९ डिसेंबर १९३७ ला नवी राज्यघटना लागू झाली, तिच्यात देशाचं आयरिश नाव 'एर' असं होतं. मग 'मेड इन एर' असे छाप दिसतात. साधं 'मेड इन आयर्लंड' तर वेगवेगळ्या काळात सापडतं. शेवटी १८ एप्रिल १९४९ ला, ईस्टरच्या सोमवारी, देश अधिकृतपणे प्रजासत्ताक झाला आणि राष्ट्रकुलातून बाहेर पडला. तिथून पुढे पाईपांवर 'रिपब्लिक ऑफ आयर्लंड'. योगायोग असा की त्याच महिन्याच्या अखेरीस लंडनला बैठक होऊन भारताने प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहावं असं ठरलं. एकाच महिन्यात एक बाहेर गेला, दुसरा राहिला.

कारखान्यातला कारागीर संसदेकडे डोळे लावून बसलेला नसतो. जुना शिक्का झिजेपर्यंत चालतो, फडताळात पडलेला माल नंतरही विकला जातो. म्हणून 'फ्री स्टेट'चा पाईप १९३८ मध्येही विकला गेला असेल. उलटं मात्र होऊ शकत नाही. जो देश अजून झालाच नाही त्याचं नाव कोणी छापत नाही. छापाने पक्की कळते ती अलीकडची हद्द: याच्या आधीचा नाही.

आमच्या पाईपवरचा छाप जवळजवळ गेलेला. कारण आत्या. दर दिवाळीला ती तो खोबरेल लावून जुन्या सुती कापडाने घासते. इतक्या मायेने की लाकडाला चकाकी आली आणि अक्षरं गेली. दिव्याखाली धरून काहीच दिसेना. याला एक सोपी युक्ती आहे: खोली अंधारी करायची आणि मोबाईलचा टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा. उथळ खाचांच्या सावल्या पडतात. वेगवेगळ्या बाजूंनी फोटो काढायचे, मग स्क्रीनवर मोठे करून बघायचे.

तिसऱ्या-चौथ्या फोटोत 'आयर्लंड' दिसलं. शेवटची चार अक्षरं स्पष्ट, बाकीची अंदाजाने. एवढ्यावर पणजोबांची गोष्ट शाबूत होती. 'मेड इन आयर्लंड' त्यांच्या हयातीतलंही असू शकतं. टॉर्च उजवीकडून धरला तेव्हा वरच्या ओळीत मधोमध काहीतरी उमटलं. एक गोल आणि त्याच्या शेजारी एक उभी रेघ, तिला वरच्या बाजूला दोन काड्या. ओ आणि एफ.

'ऑफ'.

'आयरिश फ्री स्टेट'मध्ये ऑफ नाही. 'मेड इन एर'मध्ये नाही, 'मेड इन आयर्लंड'मध्येही नाही. तो फक्त रिपब्लिकच्या पाठोपाठ येतो. पाईप १९४९ च्या आधीचा नाही. पणजोबा बुडाले १९४२ मध्ये.

मी आत्याला सांगावं की नाही यावर दोन आठवडे घालवले. काहींना वाटेल, सांगायची गरज काय? मला ते पटत नाही. त्या पाईपपुढे आम्ही सगळे लहानपणी हात जोडून उभे राहिलोय. त्याच्याबद्दल जे कळलं ते सगळ्यात आधी तिला कळायला हवं होतं. फोटो घेऊन गेले, टॉर्च तिच्याच हातात दिला. तिने चष्मा पुसून पुन्हा पुन्हा पाहिलं. म्हणाली, "म्हणजे आजोबांचा नव्हे."

"त्यांच्या हयातीतला नव्हे, एवढं नक्की."

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डोंबिवलीला आलो ना आम्ही, अडुसष्ट साली, तेव्हा बाबांनी हे शोकेस करून घेतलं. त्याच्या आधी चाळीत हा पाईप बघितल्याचं मला तरी आठवत नाही गो."

तिचे बाबा म्हणजे माझे आजोबा. वडील गेले तेव्हा ते दहा वर्षांचे. पुढे माझगावला गोदीत फिटर झाले, आयुष्य तिथेच गेलं. दारूखान्यात भंगारात निघालेल्या बोटींतलं सामान, खलाशांनी विकलेल्या चिजा, चोरबाजार, हे सगळं त्यांच्या रोजच्या वाटेवर. पाईपच्या टोकावर दातांच्या खोल खुणा आहेत, म्हणजे कोणीतरी तो वर्षानुवर्षं चावून ओढलेला आहे. आजोबा तंबाखूला शिवत नसत. तो त्यांनी कुठून आणला, की वडिलांचा म्हणून कोणी त्यांना विकला, की वडिलांच्या हातात तसला वाकडा पाईप त्यांनी लहानपणी पाहिला होता, हे लाकडावर छापलेलं नाही. बेल्व्हॉरच्या नळीसारखी लाळ मुरायला ही मातीही नव्हे. आणि दातांच्या खुणांमध्ये आता फक्त खोबरेल असणार.

"बाबा कधी आजोबांबद्दल बोलायचे नाहीत," आत्या म्हणाली. "आम्ही विचारलं की हा पाईप काढून दाखवायचे."

मग तिने विचारलं की छाप राहायला हवा असेल तर तेल लावायचं की नाही. मी म्हटलं, नको, कोरड्या कापडाने पूस, आणि शोकेस खिडकीपासून जरा हलवू या. त्याच दुपारी आम्ही दोघींनी ते सरकवलं.